टूल ट्रॉली पुढच्या पुढे का कोसळते, आणि ती कोसळू नये म्हणून काय करायचं

खंडेनवमीची सकाळ होती. भोसरीतल्या एका शेडमध्ये मी तेव्हा मेंटेनन्सला होतो. मशीनं बंद, लेथचा बेड पुसून झालेला, दारावर झेंडूचं तोरण लागलेलं, आणि पूजेआधी हत्यारं साफ करायची म्हणून आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला एक पोरगा टूल ट्रॉलीपाशी बसला होता. सात खणांची पत्र्याची ट्रॉली, खाली चार चाकं. त्याने सगळ्यात खालचा खण ओढला, आतले पाने डिझेलच्या फडक्याने पुसले, खण तसाच उघडा ठेवला म्हणजे वारं लागून सुकेल, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. वरच्या खणांसाठी तो उठून उभा राहिला, पाचवा खण पूर्ण बाहेर आला आणि अख्खी ट्रॉली त्याच्या अंगावर आली.

त्याने दोन्ही हात पुढे करून ती थोपवायला बघितली. समोरच्या बेंचवर व्हाइस, म्हणजे काम पकडायचा लोखंडी शिकंजा होता, त्याला ट्रॉलीची वरची कड अडकली म्हणून ती अर्ध्यातच थांबली, नाहीतर छातीवर आली असती. पण खालचा उघडा खण पायाच्या बोटांवर बसला, आणि पूजेचा दिवस म्हणून पायात सेफ्टी शूज नव्हते, साधी चप्पल होती. दोन बोटं मोडली. त्या ट्रॉलीच्या वरच्या पत्र्याला व्हाइसच्या जबड्याचा खळगा पडला होता, तो मला अजून डोळ्यासमोर दिसतो.

सगळे म्हणाले पोरगा धांदरट आहे. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, कारण त्याने घाई केली नव्हती, मस्ती केली नव्हती, उलट नीट क्रमाने काम करत होता, फक्त ट्रॉली कधी कोसळते हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सांगणाऱ्यांनाही ते नीट माहीत नव्हतं. "जपून" एवढंच सगळे म्हणतात. जपून म्हणजे नक्की काय करायचं, किती खण चालतील, कुठला चालेल, हे आकड्यात सांगता येतं आणि तेच इथे सांगतोय.

आधी मूळ गोष्ट. प्रत्येक वस्तूच्या वजनाचा एक मध्य असतो, शाळेत त्याला गुरुत्वमध्य म्हणायचे. समजा त्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा खाली सोडला, तर जोपर्यंत ओळंब्याचं टोक चारही चाकांच्या मधल्या जागेत पडतंय तोपर्यंत ट्रॉली उभी राहते. टोक पुढच्या दोन चाकांच्या रेषेच्या बाहेर गेलं की ती पुढे पडणार, मग ती कितीही जड असो, कितीही महाग असो. जड आहे म्हणून हलणार नाही हा मोठा गैरसमज आहे, जड असली तर पडल्यावर जास्त लागतं एवढंच.

खण उघडला की काय होतं, तर त्यातलं वजन पुढे जातं आणि त्याच्याबरोबर सगळ्या ट्रॉलीचा मध्यही थोडा पुढे सरकतो. गावाकडे बैलगाडी भरताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल, माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. गाडीत पोती तेवढीच आहेत, एकही वाढलं नाही, फक्त जागा बदलली. ट्रॉलीचंही तसंच, एक किलोसुद्धा न वाढता नुसते खण ओढून ती उलटते.

दुसरी गोष्ट प्रत्येक फिटर रोज वापरतो. नट घट्ट बसला असेल तर आपण पान्याला पाईप लावतो ना? जोर तेवढाच, पण लांबी वाढली की तोच जोर कितीतरी पट काम करतो. उघडा खण म्हणजे ट्रॉलीला लावलेला पाईपच आहे. वजन किती यापेक्षा ते चाकाच्या रेषेपासून किती लांब आहे हे गुणून बघायचं असतं.

आता हिशोब करू, अवघड नाही, बेरीज-गुणाकार येत असला की पुरे. समजा रिकाम्या खोक्याचं वजन ५० किलो, सात खण, प्रत्येक खण हत्यारांसकट १५ किलो. एकूण १५५ किलो. ट्रॉलीची खोली, म्हणजे पुढून मागे, ४५० मिलिमीटर. पुढची चाकं दर्शनी पत्र्यापासून ५० मिलिमीटर आत बसवलेली, कारण बहुतेक ट्रॉल्यांना ती थोडी आतच असतात. सगळे खण बंद असताना वजनाचा मध्य साधारण खोलीच्या मधोमध, म्हणजे पुढच्या चाकाच्या रेषेच्या १७५ मिलिमीटर मागे. १५५ गुणिले १७५ म्हणजे २७,१२५. हा आकडा म्हणजे ट्रॉलीची शिल्लक समजा, बँकेत असते तशी. ही शिल्लक शून्याच्या खाली गेली की ती पडते.

एक खण ४०० मिलिमीटर बाहेर काढला की १५ गुणिले ४००, म्हणजे ६,००० खर्च झाले. उरले २१,१२५. दुसरा काढला, उरले १५,१२५. तिसरा, ९,१२५. चौथा, ३,१२५. पाचवा काढला की हिशोब उणे २,८७५ वर जातो. त्या पोराचा पाचवा खण होता. ट्रॉलीचे खरे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण गंमत अशी की चौथ्या खणापर्यंत ती हललीसुद्धा नाही. आणि हेच जिवावर बेततं. ट्रॉली आधी डुगडुगून इशारा देत नाही. चार खण उघडे असताना ती पहिल्यासारखीच घट्ट उभी दिसते आणि पाचव्याला एकदम जाते.

बरं, हे झालं हाताचा जोर न धरता. प्रत्यक्षात आपण काय करतो, उघड्या खणाच्या कडेवर हात टेकवून आत वाकून बघतो, दहाचा सॉकेट कुठे गेला म्हणून. ती कड चाकाच्या रेषेपासून ४५० मिलिमीटर पुढे आहे. चार खण उघडे असतील तर ३,१२५ भागिले ४५०, म्हणजे फक्त ७ किलोचा जोर पुरतो. सात किलो म्हणजे काहीच नाही, नुसता हात टेकला तरी तेवढा पडतो. तीन उघडे असतील तर २० किलो, दोन असतील तर साधारण ३३ किलो. आणि एकच खण उघडा असला तर ४७ किलो. हा शेवटचा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा, कारण वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की खालच्या खणावर पाय देऊन चढणारी माणसं मी किती बघितली आहेत. माणूस ६० किलोचा असतो. म्हणजे एकच खण उघडा, बाकी सगळे बंद, तरीसुद्धा त्याने कडेवर पूर्ण वजन टाकलं की ट्रॉली त्याच्यावर येणार. खणाची पायरी कधीच करायची नाही, यात कुठलीही सूट नाही.

वजन सगळ्या खणांत सारखं नसतं हेही बघा. बऱ्याच ठिकाणी तीन खण ठासून भरलेले, पुलर, मोठे सॉकेट, चकचे जबडे, हातोडे, आणि बाकीच्यांत स्टिकर आणि रिकाम्या डब्या. समजा तीन खण ३० किलोचे आणि चार खण २ किलोचे. मग त्यातले दोनच जड खण उघडले की शिल्लक १,९०० च्या आसपास येते, म्हणजे कडेवर ४ किलोचा जोर टाकला तरी खेळ संपला. पहिल्या ट्रॉलीत पाच खण लागले होते, इथे दोनच पुरले आणि तिसरा उघडायची वेळच येणार नाही. म्हणून "आमच्याकडे तीन-चार उघडतो, काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याच्या ट्रॉलीत काय कुठे भरलंय ते आधी बघायला लागतं.

जड सामान खाली ठेवा असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे पण त्याचं कारण चुकीचं समजलं जातं. सपाट फरशीवर उभ्या ट्रॉलीचा खण उघडताना तो वरचा आहे की खालचा याने फरक पडत नाही, कारण वजन आडवं किती पुढे गेलं एवढंच मोजलं जातं. खालचा ३० किलोचा खण उघडणं हे वरचा ३० किलोचा खण उघडण्याइतकंच धोक्याचं आहे. जड खाली ठेवण्याचा फायदा ट्रॉली ढकलताना होतो, उतारावर होतो, आणि कलायला लागल्यावर ती परत मागे यायची शक्यता जास्त राहते म्हणून होतो. त्याहून जास्त फायदा कशाचा असेल तर खणातसुद्धा जड वस्तू मागच्या बाजूला ठेवण्याचा, हँडलजवळ हलकं आणि मागे जड, हे फार कुणी करत नाही पण फुकटात होतं.

आता चाकांबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात न बोललेली गोष्ट हीच आहे. फिरतं चाक जवळून बघा. वरची प्लेट जिथे बोल्टने बसवलेली असते त्याच्या बरोबर खाली चाक टेकत नाही, थोडं बाजूला टेकतं, म्हणूनच ते वळतं. ट्रॉली पुढे ओढली की चाकं मागच्या बाजूला वळतात, मागे ढकलली की पुढे वळतात. म्हणजे पुढच्या चाकांची रेषा, जिच्यावरून ट्रॉली उलटते, ती स्वतःच पुढेमागे होते. समजा चारही चाकं फिरती आहेत आणि पुढची दोन आत वळल्यामुळे रेषा ५० मिलिमीटर मागे गेली. १५५ गुणिले ५०, म्हणजे ७,७५० शिल्लक एका फटक्यात गेली, एकही खण न उघडता. मगाशी तीन खणांवर ९,१२५ होते, आता फक्त १,३७५ उरले. कड आता रेषेपासून ५०० मिलिमीटरवर गेली, म्हणून तिच्यावर पावणेतीन किलोचा जोर पुरेल, आणि चौथा खण उघडला की गेली. काल चार खण उघडे ठेवून काम झालं होतं आणि आज त्याच ट्रॉलीने दगा दिला असं जे लोक सांगतात ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, फक्त खाली वाकून चाकं कुणी बघत नाही. उपाय सोपा आहे, ट्रॉली कामाच्या जागी आणली की एक वीतभर मागे ढकलायची म्हणजे पुढची चाकं पुढे वळतात, आणि मग ब्रेक लावायचा. ज्यांना डाव्या-उजव्यापैकी एका बाजूला दोन स्थिर आणि दुसऱ्या बाजूला दोन फिरती चाकं आहेत तिथे हा फरक एकाच कोपऱ्याला पडतो, पण पडतो.

ब्रेकबद्दलही स्पष्ट सांगतो. ब्रेक ट्रॉलीला घरंगळू देत नाही, उलटण्यापासून वाचवत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेक लावायचाच, पण लावला म्हणून दोन खण जास्त उघडायचे नाहीत.

एकदा कलायला लागली की इतक्या पटकन का जाते, हेही समजून घेण्यासारखं आहे. हल्लीच्या ट्रॉल्यांना बॉल बेअरिंगच्या चॅनल, म्हणजे खण सरकायच्या पट्ट्या असतात, खण बोटाने ओढला तरी सुळकन येतो. ट्रॉली थोडी पुढे कलली की बंद असलेले खणही उताराला लागल्यासारखे आपोआप बाहेर यायला बघतात. एक सुटला की त्याचं वजन पुढे आलं, कल वाढला, मग दुसरा सुटला, मग तिसरा. सुरुवातीला एका हाताने धरता आली असती ती ट्रॉली अर्ध्या सेकंदात कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून खणाच्या टोकाला जी छोटी खाच किंवा लॅच असते, जिच्यामुळे खण बंद केल्यावर टक असा आवाज येतो, ती झिजली असेल तर बदलून घ्या. टक आवाज न येणारा खण माझ्या लेखी नादुरुस्तच.

फरशीचं विसरू नका. वॉशिंगच्या जागेला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, मीटरला २० मिलिमीटर जरी असला तरी ट्रॉलीचा मध्य ६०० मिलिमीटर उंच असेल तर तो १२ मिलिमीटर पुढे जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १५५ ने गुणा, १,८६० झाले, म्हणजे चार खणांवर जी ३,१२५ शिल्लक होती तिच्यातली अर्ध्याहून जास्त गेली. शटरच्या बाहेर गाडी चढवायला रॅम्प असतो, बाराला एक उताराचा धरला तर ५० मिलिमीटर, म्हणजे चाकं आत वळल्याइतकंच नुकसान. रॅम्पवर ट्रॉली उभी करून खण उघडणं हा प्रकारच नको. एकदा आपल्या शेडमध्ये पाणसळ घेऊन ट्रॉलीच्या नेहमीच्या जागा तपासा, अर्धा तास लागतो.

ढकलताना वेगळा धोका आहे. ट्रॉली चालत्या गतीत आहे आणि पुढचं चाक गटाराच्या जाळीत गेलं, वेल्डिंगच्या केबलला अडलं किंवा फरशीच्या फुटलेल्या तुकड्यात बसलं, तर खालची बाजू थांबते आणि वरची बाजू चालूच राहते. अरुंद बाजूने, म्हणजे खण पुढे करून ढकलत असाल तर माझ्या ढोबळ हिशोबाने ताशी ३ किलोमीटरच्या आसपासच ती उलटू शकते, आणि माणूस साधं चालतो तेच त्याहून जास्त वेगाने. म्हणून लांब बाजूने ढकलायची, सगळे खण बंद आणि कुलूप लावून, वर ग्राइंडर किंवा बॅटरी ठेवून नाही. उंबरा किंवा केबल आली की थांबायचं आणि दोघांनी मिळून पार करायची. आणि उतारावरून नेताना ट्रॉलीच्या खालच्या बाजूला माणूस उभा राहता कामा नये. "मी खालून धरतो" असं प्रेमाने म्हणणारा असतो प्रत्येक ठिकाणी, त्याला बाजूला करा.

आता करायचं काय. पहिला नियम एका वेळी एक खण, हा फुकट आहे. उघडा, घ्या, बंद करा, मग दुसरा. बऱ्याच चांगल्या कॅबिनेटला आतून इंटरलॉक असतो, एक खण बाहेर आला की उभी पट्टी सरकून बाकीच्यांना अडवते. तुमच्या ट्रॉलीला आहे का ते असं बघा, एक खण पूर्ण उघडा आणि दुसरा ओढून बघा. दोन खण एकदम ओढले तर काही जुन्या यंत्रणा फसतात, तेही तपासा. आणि कामात अडचण होते म्हणून ती पट्टी काढून टाकणारे आहेत, त्यांना हात जोडून विनंती, ती परत बसवा.

दुसरं म्हणजे जी ट्रॉली किंवा कॅबिनेट जागेवरून हलतच नाही, ते बांधून टाका. आणि यासाठी केवढा जोर लागतो ते ऐकलं की आश्चर्य वाटेल. सातही खण उघडे असले तर शिल्लक उणे १४,८७५. एक मीटर उंचीवर भिंतीला बांधलं तर त्या बांधणीवर ताण फक्त १५ किलोचा येतो. त्यात ७० किलोचा माणूस खणाच्या कडेवर उभा राहिला तरी ४६ किलो. कारण इथे लांब पाईप आपल्या बाजूने आहे. नीट बसवलेला एक १० मिलिमीटरचा अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट, याच्या कितीतरी पट धरतो. दोनशे-तीनशे रुपयांचं सामान आणि एक तासाचं काम.

पण नीट बसवलेला म्हणजे काय हे महत्त्वाचं. काँक्रीटचा कॉलम मिळाला तर उत्तम. विटांची भिंत असेल तर ड्रिल विटेत जायला हवं, सांध्यात नाही, आणि नुसत्या प्लास्टरमध्ये तर अजिबात नाही, ते वाळूसारखं सुटतं. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची भिंत असेल तर साधा अँकर आत फिरत राहतो, तिथे आरपार बोल्ट टाकून पलीकडून प्लेट लावलेली बरी. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला बांधू नका, लोखंडी कॉलमला अँगल वेल्ड करून त्याला बांधा. दुसरी चूक कॅबिनेटच्या बाजूला होते. त्याचा पत्रा पातळ असतो, नुसता बोल्ट टाकला तर ओढ बसल्यावर भोक फाडून बाहेर येतो. आतून ३ मिलिमीटरची पट्टी आडवी लावून त्यातून बोल्ट घ्या. आणि जवळपास वेल्डिंग करणार असाल तर आधी खणांतले स्प्रेचे डबे आणि थिनर बाहेर काढा, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

फिरती ट्रॉली असेल तर कामाच्या प्रत्येक जागी भिंतीला एक कडी, ट्रॉलीच्या मागे वीतभर साखळी आणि हूक. साखळी ढिली नको, नाहीतर ट्रॉली आधी कलते आणि मग झटक्याने ताण येतो.

भिंतच जवळ नसेल, शेडच्या मधोमध काम असेल, तर पुढे पाय काढून घ्या. गल्लीतला कुठलाही फॅब्रिकेटर ५० बाय ५० च्या अँगलचे दोन पाय चाकाच्या रेषेच्या १५० मिलिमीटर पुढे येतील असे करून देईल, टोकाला बोल्टचा स्क्रू जॅक म्हणजे फरशीला टेकवता येतात. १५५ गुणिले १५० म्हणजे २३,२५० शिल्लक वाढली, मग सातही खण उघडले तरी ८,३७५ उरतात. पायात अडकायला होतं हा तोटा खरा आहे, म्हणून पिवळा रंग मारा आणि ढकलताना आत सरकतील असे करा.

मागच्या बाजूला खाली लोखंडी प्लेट टाकून वजन वाढवणं हा तिसरा प्रकार. ४० किलोची प्लेट अगदी मागे टाकली तर माझ्या हिशोबात सात खण उघडल्यावर जेमतेम शून्याच्या वर राहते. चालतं, पण चाकांवर तेवढा भार वाढतो, आणि चाक तुटलं तर आधीपेक्षा वाईट. मला पाय किंवा साखळी जास्त पटते.

तुमची ट्रॉली कुठे आहे हे कळायला एक साधी तपासणी. दोघंजण घ्या, एकाने मागून पट्टा धरून ठेवायचा, समोर कुणी नको. मागच्या दोन्ही चाकांखाली एकेक कागदाची पट्टी सरकवा. सगळे खण बंद असताना ती ओढून निघत नाही, फाटते. आता बाजूला उभं राहून एकेक खण उघडा आणि दर वेळी पट्टी ओढून बघा. ज्या खणाला पट्टी अलगद निघून आली, तिथे मागच्या चाकांवरचं वजन जवळजवळ संपलेलं आहे. घरचा वजनकाटा मागच्या चाकांखाली आणि तेवढ्याच उंचीचा ठोकळा पुढच्यांखाली ठेवलात तर आकडाच दिसतो, किती उतरत जातोय ते. नवीन पोरांना हे एकदा करून दाखवा, पाच मिनिटांत जे कळतं ते तासभर बोलून कळत नाही. मी स्वतः दाखवतो तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या खणाला काट्यावरचा आकडा पडताना बघून त्यांचे चेहरे बदलतात.

हे फक्त वर्कशॉपपुरतं नाही. अमेरिकेत कपड्यांची खणांची कपाटं लहान मुलांच्या अंगावर पडून मुलं दगावली, तेव्हा २०१६ मध्ये आयकियाने तिथे सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कायदा झाला, त्यात कपड्यांच्या कपाटाची चाचणी खण उघडे ठेवून आणि २७ किलोपर्यंतच्या मुलाचं वजन धरून घ्यायची असं आहे. तो कायदा टूल ट्रॉलीला लागू नाही, पण त्यामागचा हिशोब हाच, उघडा खण आणि त्यावर चढलेलं वजन. आपल्याकडे घराखालीच गॅरेज असतं, शाळेतून आलेली मुलं तिथेच खेळतात, खणांत त्यांना काहीतरी चमकणारं सापडतं. कुलूप लावलेली ट्रॉली मूल उघडू शकत नाही. संध्याकाळी किल्ली फिरवायला दोन सेकंद लागतात हो.

आणि कोसळायला लागलीच तर? धरू नका. दीडशे किलो लोखंड दोन हातांनी थांबत नाही, हात मात्र खणात अडकतात. मागे पळू नका, ती मागेच येते तुमच्या, बाजूला सरका. म्हणून खण उघडताना सवयच अशी लावा की ट्रॉलीच्या बरोबर समोर न राहता थोडं एका अंगाला उभं राहायचं, आणि समोर बेंच किंवा मशीन इतकं जवळ नको की माणूस मध्ये चेपला जाईल. आमच्या पोराला व्हाइसने वाचवलं, पण बेंच अजून थोडा जवळ असता तर तोच मध्ये सापडला असता.

कुणी खाली अडकलं तर त्याला ओढून काढायचं नाही. आधी ट्रॉली उचलायची, माणसं नसतील तर पहार किंवा बाटली जॅक लावून, खाली लाकडाचा ठोकळा सारत जायचं म्हणजे सुटली तरी परत बसणार नाही. १०८ ला फोन आधीच कुणीतरी लावलेला असावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, डिझेलचं फडकं नको.

ट्रॉली परत उभी करायची घाई करू नका. खण बाहेर काढून, रिकामी करून उभी करा. मग उलटी करून चाकांच्या प्लेटचे बोल्ट बघा, पुढच्या चाकांचे वाकलेले असतात, चॅनल सरळ आहेत का बघा, प्रत्येक खण टक करून बसतोय का बघा. आमची ट्रॉली तशीच उभी करून त्याच संध्याकाळी भरली होती, आणि आठवड्याभराने पुढचं डावं चाक निखळलं, नशिबाने तेव्हा समोर कुणी नव्हतं. त्यानंतर तिला चाकं नवीन लावली, मागे साखळी लावली आणि बेंचपासून चार फूट लांब नेऊन ठेवली.